न्हाणीपुढचा दगड

आमच्या न्हाणीपुढं एक काळा दगड होता. त्यावर आधी आईनं आणि नंतर बायकोनं मिळून पन्नासेक वर्षं धुणं धुतलं. दगडावर उठावाची उर्दू अक्षरं होती. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर गल्लीमागच्या कब्रस्तानातून वडिलांनी तो उचलून आणला. ज्या घरातली ती कबर, ते लोक तेव्हा गल्ली सोडून गेले होते. आई म्हणायची, "लई गुणाचा दगड हाय. खरबरीत हाय, मळ लगेच निघतो." खरबरीत कशामुळं, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

मी गाईड. परदेशी पाहुण्यांना अजिंठ्याला नेतो. एकदा पोलंडची एक निवृत्त शिक्षिका आली. गाडीत ती लेण्यांबद्दल काही विचारेना. आपल्याच गावाबद्दल बोलत राहिली. गाव असेल आमच्या इकडच्या पाचोडएवढं. मधोमध चौक, चर्च, आठवडी बाजार. अर्धी वस्ती ज्यूंची, शिंपी, चांभार, पाववाले. युद्धात जर्मनांनी त्यांना नेऊन मारलं. मग त्यांच्या कबरींचे दगड कुणी अंगणात फरशीला घातले, कुणी गोठ्यात. तिच्या वडिलांचं चाकूला धार लावायचं चाकही तसल्याच दगडाचं. चाक फिरलं की अक्षरं फिरायची. आता ती गावाचा इतिहास लिहीत होती आणि घरोघर जाऊन दगड परत मागत होती.

"लोक देतात?" मी विचारलं.

"देतात. पण कुठून आला, ते एकालाही आठवत नाही," ती हसून म्हणाली.

आवडलेल्या पाहुण्याला परतताना घरी चहाला न्यायचं, ही माझी रीत. तिलाही सवयीनं नेलं. दारात उतरल्यावर दगड आठवला. ती हात धुवायला न्हाणीकडं गेली, दगडावरची ओली चादर तिनं बाजूला सारली आणि अक्षरांवरून बोट फिरवलं.

"काय लिहिलंय हे?"

"नक्षी आहे," मी म्हणालो. "इकडचे पाथरवट काढतात अशी."

तिनं माझ्याकडं पाहिलं. चहा सगळा घेतला. निघताना बायकोचे आभार मानले, माझे नाहीत.

पुढं कितीतरी वर्षं धुणं आपटण्याचा आवाज सुरू झाला की मी घराबाहेर पडायचो. वॉशिंग मशीन आणलं. बायको म्हणाली, "ह्याच्यात कॉलरचा मळ निघत नाय," आणि पुन्हा दगडापाशी बसली. वडील गेले. त्यांना दगडाबद्दल विचारायचं राहून गेलं असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मी टाळलं.

यंदा एकदाचा बायकोला सगळं सांगितलं आणि दगड हातगाडीवर घालून कब्रस्तानात नेला. तिथले राखणदार चाचा पुढं आले.

"कां था ये?"

"आमच्या घरी. वडिलांनी उचलला होता. मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

चाचांनी उकिडवं बसून कडेची अक्षरं लावून पाहिली. "नाम तो गया, साहब. कडेला एवढंच उरलंय, 'की बेटी'. कुणाची, ते तुमच्या साबणानं खाल्लं."

"मग आता?"

"गल्ली सोडून गये, उन लोगां की एक बूढी है पाचोडला. तिला ठाऊक असंल. पण मी नाय जानार. घिसलं तुम्ही, तो पूछना भी तुमकोच."

दोनदा पाचोडला जाऊन आलो. पहिल्यांदा तिच्या दाराची कडी हातात धरली आणि सोडली. दुसऱ्यांदा म्हातारी ओट्यावर मेथी निवडत बसली होती. "कोन पाहिजे, बाबा?"

"रस्ता चुकलो," मी म्हणालो.

"मंग बस की. पानी पी."

तांब्या देताना अर्धं पाणी माझ्या मनगटावर सांडलं. मी पाणी प्यालो आणि बस धरली. दगड कब्रस्तानाच्या भिंतीला टेकून उभा आहे. ते नाव ठाऊक असलेलं आता ते एकच माणूस उरलंय, आणि मी त्याला रस्ता चुकलो म्हणून सांगून आलोय.