वह्यांतल्या कोऱ्या जागा

माझे सासरे मंत्रालयात सचिव होते. त्यांच्या एका सहीसाठी भलेभले ताटकळायचे, असं नवरा अजून सांगतो. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे कतारला, दोह्याच्या अबू हमूर भागात आले ते कपड्यांची एक पिशवी आणि पोथ्यांच्या दोन ट्रंका घेऊन. घराण्यातल्या वैद्यांच्या संस्कृत पोथ्या. मागची खोली त्यांनी घेतली, एकवेळ जेवायला लागले आणि दिवसभर पोथ्यांची वह्यांत नक्कल करू लागले. संन्यासच तो, फक्त सुनेच्या हातच्या गरम पोळीसकट.

कागद-कापड खाणाऱ्या कसरीनं पोथ्यांची चाळण केली होती. त्यांचा नियम कडक: कसरीनं जेवढं खाल्लं तेवढी जागा वहीत कोरी सोडायची. एकदा मी म्हटलं, मागच्यापुढच्यावरून शब्द लावा की. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "सूनबाई, कसर खाते, पण खोटं लिहीत नाही." रागच आला, पण पटलं. त्यात औषधांची मापं होती, चुकली तर औषधाचं विष. दुसरी प्रत कुठेच नव्हती, म्हणून पुण्याची एक संस्था त्या वह्या छापणार होती.

या वर्षी ते एकदा घरात बसून मंत्रालयातल्या शिपायाला हाका मारत बसले. चहा पिऊन लगेच पुन्हा मागू लागले. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण वय झालं म्हणून मी सोडून दिलं.

मग कसर माझ्या कपाटात शिरली. लग्नातला शालू गेला आणि मी तडकले. ते शांतपणे म्हणाले, नक्कल पूर्ण झाली आहे, जीर्ण पोथ्या पाण्यात सोडायची आपली रीतच आहे. शुक्रवारी सकाळी आम्ही अल वक्राच्या किनाऱ्यावर गेलो. कुणी हटकेल या धास्तीनं नवरा गाडीतूनच "यल्ला, यल्ला, चला लवकर" करत होता. वारा पडलेला, पाणी तेलासारखं थिजलेलं. पोथ्या बुडेनात. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन मी त्या दाबून धरल्या, पार लगदा होईपर्यंत. मला हलकं वाटलं, हे सांगायला लाज वाटते.

घरी येऊन पुण्याला पाठवायच्या वह्या बांधायला घेतल्या आणि सहज चाळल्या. पहिल्या चारांत पानोपानी कोऱ्या जागा. पाचवीत थोड्या. सहावीपासून एकही नाही. शेवटच्या वहीपर्यंत पानं गच्च भरलेली, अक्षर मोत्यासारखं. सकाळी मी हातात धरली ती सगळी पानं तर भोकाभोकांची होती.

वही घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले आणि कोऱ्या जागा कुठे गेल्या, असं विचारलं. इतकं प्रसन्न मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आता जागा कशाला सोडायची? मला सगळं आठवतं."