कोबीवाली आणि माझी फोडणी

कोबीवाली बरणीला कान लावून बसायची. तळघरात चिनी मातीची गुडघ्याएवढी बरणी, तिच्यात मीठ लावून दाबलेला कोबी, आणि बरणीच्या पोटाला डावा कान लावून डोळे मिटून बसलेली ही ऐंशीची म्हातारी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिचं डोकं फिरलंय. कोबी आंबताना आत बुडबुडे येतात आणि त्यांच्या आवाजावरून काम कुठवर आलं ते तिला कळतं, असं माझ्या सुनेने मला समजावलं. तरी माझं मत मी लगेच बदललं नाही. मत बदलायला मला वेळ लागतो.

तिचं खरं नाव मला नीट म्हणता येत नसे, म्हणून घरात मी तिला कोबीवाली म्हणायचे. तिलाही माझं नाव जमत नसे. ती मला नेबर म्हणायची. अमेरिकेत ईडन प्रेरीला माझ्या मुलाच्या, सतीशच्या घराला लागूनच तिचं घर. मी सांगलीत वीस वर्षं खानावळ चालवली, ती बंद केली आणि २००४ साली सतीशकडे राहायला आले. शिक्षण चौथी. इंग्रजी म्हणजे कम, सिट, ईट, नो. पण स्वयंपाकातलं मला सगळं कळतं, अशी माझी पक्की खात्री होती. ती खात्री कशी उतरली तेच पुढे सांगायचं आहे.

पहिल्याच सप्टेंबरात ती ताटली घेऊन दारात उभी राहिली. बटाटा किसून, त्यात अंडं आणि थोडं पीठ घालून तळलेल्या चपट्या, आणि बरोबर शिजवलेल्या सफरचंदाचा गर. मी एक खाल्ली आणि तोंडावर सांगितलं, "नो सॉल्ट." दुसऱ्या दिवशी जिरं, मिरची, दाण्याचं कूट घालून बटाट्याचा कीस केला आणि तिच्याकडे नेला. तिने एक घास खाल्ला, पेलाभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "इट विल डू." म्हणजे, चालेल. पुढे कळलं की एवढी शाबासकीसुद्धा तिच्याकडून सहसा कोणाला मिळत नाही. कोणी फारच छान केलं तर "नॉट टू बॅड", बस. खानावळीतली पोरं माझ्या आमटीसाठी रांग लावायची, आणि ही बाई माझ्या हातचं चालवून घेत होती. मी तिच्याकडे रोज जायला लागले ते बहुधा या रागापायीच.

तिचे आजोबा जर्मनीतून आलेले. झाडांची पानं रंगायला लागली की तिकडच्या सणाचं जेवण ती घरी करायची आणि ऑक्टोबरातल्या एका शनिवारी घरची माणसं जेवायला यायची. तसं सोपंच जेवण. आंबवलेला कोबी, भाजलेली सॉसेजं, त्या बटाट्याच्या चपट्या, सफरचंदाचा केक. सॉसेज डुकराचं, ते मी खात नाही. बाकी सगळं खायचे आणि नावं ठेवायचे. श्पेट्सले म्हणून एक प्रकार असायचा. अंड्यात सैलसर पीठ भिजवायचं आणि चाळणीतून उकळत्या पाण्यात पाडायचं. ती पीठ दाबून दाबून घामाघूम व्हायची. मी घरून बुंदीचा झारा नेला आणि पाच मिनिटांत पातेलं भरून दिलं. ती म्हणाली, "डोन्ट हेल्प. वॉच." मदत करू नकोस, नुसती बघ. झारा मात्र तिने परत दिला नाही.

मदत हा शब्द तिला शिवीसारखा लागायचा. बर्फ स्वतः उपसायची. शिडीवर चढून पन्हळीतली पानं काढायची. सतीश फावडं घेऊन गेला तर त्याच्या हातातलं फावडं काढून घ्यायची, हातावर केकचा तुकडा ठेवायची आणि त्याला घरी पाठवायची.

तिसऱ्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी ती जिन्यावरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. शिकागोहून तिचा मुलगा आला. भला माणूस, आईशी हळू आवाजात बोलणारा. त्याने तिकडे वृद्धांची एक जागा बघून ठेवली होती. हे घर विकायचं असं त्याच्या मनात होतं. कोबीवालीने त्याला सांगितलं, ऑक्टोबरातलं जेवण नेहमीसारखं होईल. ये, जेव, आणि मग मला एकटीला जमतं की नाही ते ठरव. हे सगळं मला सुनेने, रश्मीने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कोबीवाली आमच्या दारात. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्यात सुरी. म्हणाली, "युअर हँड्स. माय हेड." हात तुझे, डोकं माझं. आणि मुलाला कळता कामा नये, हे ओठांवर बोट ठेवून सांगितलं. मी खूश झाले. दोन वर्षं वॉच करून कंटाळले होते. दहा गड्डे कोबी मी चिरला, तिने दाखवलं तेवढंच मीठ लावलं, मुठीने दाबून बरणीत भरला, वर ताटली आणि ताटलीवर दगड. थोडा ओवा टाकू का, म्हणून पुडी दाखवली. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ओवा घरी नेऊन ठेवला.

जेवणाला चार दिवस असताना ती प्लास्टर काढायला गेली, आणि रक्तदाब वाढलाय म्हणून डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. किल्ली माझ्याकडे होती. फोनवर तिने रश्मीकडे निरोप दिला की बरणीत पांढरं आलं तर चमच्याने काढून टाक, दगड परत ठेव, बाकी काही करू नकोस. रश्मीने तो मला शब्दशः सांगितला. त्यामुळे मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मी तळघरात गेले आणि ताटली उचलली. वर पांढरी साय, आणि वास असा की खानावळीत मी तो प्रकार भांड्यासकट फेकला असता. लोणच्यावर चार बोटं तेल नसेल तर ते नासणारच, हे मी आयुष्यभर पाहिलेलं. इथे तर तेलाचा थेंब नव्हता. मला वाटलं, ही बाई तिकडे पडून आहे आणि हिचं घर इथे माझ्या डोळ्यांदेखत नासतंय. मी घरी आले, तीन वाट्या तेल तापवलं, मोहरी, मेथी, हिंग, हळद. फोडणी गार होऊ दिली, कारण लोणच्यावर ती गरम ओतत नाहीत हे मला कळतं. मग ओतली आणि तळापासून कालवली. लाल तिखट घातलं नाही. त्या दिवशी दाखवलेली अक्कल ती एवढीच.

शनिवारी सकाळी कोबीवालीने बरणी उघडली. मी शेजारी उभी, निदान "नॉट टू बॅड" तरी ऐकायला मिळेल म्हणून. पिवळाधमक कोबी, वर मोहरी तरंगतेय. ती खाली पायरीवर बसली. तिने एवढंच विचारलं, "व्हाय?" मी म्हटलं, "ऑइल." पुढचं इंग्रजी मला येत नव्हतं, आणि मराठीतही ते फारसं पटण्यासारखं नव्हतं. रश्मी दुकानातून कोबीची बाटली आणेल, असं मी खुणेने सुचवलं. तिने नाही म्हणून मान हलवली. बाटलीतला कोबी मुलाने पहिल्या घासाला ओळखला असता.

संध्याकाळी टेबलाशी कोबीवाली, तिचा मुलगा, त्याची बायको, आणि सतीश, रश्मी, मी असे आम्ही तिघं. मुलाने कोबीचा घास घेतला आणि काटा खाली ठेवला. बायकोकडे पाहिलं. मग लहान मुलाशी बोलावं तसं आईला विचारलं, यात काय घातलंस? कोबीवाली म्हणाली, "मस्टर्ड." आणि मान खाली घालून तो कोबी खात राहिली. मुलाच्या चेहऱ्यावर घर विकून झालं होतं.

बोलले तर हात माझे होते हे फुटणार, गप्प बसले तर तिचं डोकं गेलं असं ठरणार. खरं सांगायचं तर हा विचार मला नंतर सुचला. तेव्हा मी नुसती उठले आणि म्हणाले, "आय डू. शी नो डू."

रश्मी हळूच म्हणाली, "आई, प्लीज बसा ना. मी नंतर एक्सप्लेन करते त्यांना." माझं बोलणं इंग्रजीत नेताना रश्मी त्यात नेहमी साखर घालते.

मी म्हटलं, "आत्ता सांग, आणि मी बोलते तसंच सांग. यांच्या आईचा हात मोडल्यापासून इथे हात माझे होते. कोबी मी चिरला, केक मी भाजला. पण मीठ किती, आच किती, दिवस किती, ते सगळं तिच्या डोक्यातलं. दोन दिवस ती नव्हती, तेव्हा माझं डोकं चाललं. माझं डोकं चाललं की काय होतं ते यांच्या ताटलीत पिवळं दिसतंय."

या वेळी साखर घातली नसावी, कारण मुलाची बायको हसता हसता ठसकली. मुलगा हसला नाही. त्याने आईला एकेक विचारायला सुरुवात केली, केकला ओव्हन किती, श्पेट्सलेला अंडी किती, कोबीला मीठ किती. ती परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत गेली आणि एकदाही अडखळली नाही. शेवटी तो म्हणाला, घर राहू दे, पण नेबरने रोज मदतीला यायचं. मदत हा शब्द ऐकून कोबीवालीने माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा शिकागो बरं असं तिला वाटलं असावं.

"शी कॅन कम," ती म्हणाली. "शी कॅन नॉट टच द कॅबेज."

मी सोळा महिने रोज गेले. पुढच्या वर्षीचा कोबी तिने स्वतः घातला आणि तळघराच्या दाराला कुलूप लावलं. त्यानंतरच्या फेब्रुवारीत एका सकाळी मी दार उघडलं तेव्हा ती तिच्या खोलीत, तिच्या पलंगावर झोपेतच गेलेली होती. मी रडले नाही. गॅस बंद आहे ना ते पाहिलं आणि सतीशला फोन केला.

तिला तिच्या घरात सोळा महिने जास्त मिळाले ते माझ्यामुळे, असं मी सांगलीला परतल्यापासून सगळ्यांना सांगते. ते माझ्यामुळेच जाणार होते, एवढा भाग मी सांगत नाही. तो इथे लिहिला.