दहा ते अकराचं पाणी

माझा मामा नेदेल्चो नदी अडवून धरायचा. नोकरीच्या कागदावर त्याचं पद काहीही असो, येलोवोत त्याची ओळख हीच होती. गावाच्या वर, खिंडीच्या तोंडाशी, धरणाच्या पाण्यावर चालणारं छोटं वीजघर आहे. तिथलं चाक सुरू झालं की गावातली नदी बघता बघता छातीइतकी चढते. थांबलं की तळाचे दगड पुन्हा उघडे पडतात. तिशीपासून साठीपर्यंत चाक कधी फिरवायचं आणि कधी थांबवायचं हे मामाच्या हातात होतं. मामी वैतागून म्हणायची, "ह्याचं खरं लग्न त्या चाकाशी झालंय, मी आपली जेवण पोचवायला."

मामा कमी बोलायचा. सूर्यफुलाच्या बिया चावत असायचा, आणि त्याच्या कोटाला वंगणाचा वास यायचा तो धुऊनही जात नसे. लोकांवर त्याचा राग नव्हता, पण गर्दीत त्याला कुठं उभं राहावं हे कळायचं नाही.

वर्षातला एक तास मात्र सगळं गाव त्याच्यावर सोडून द्यायचं. सहा जानेवारीला, योर्दानोवदेनला म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, आमच्याकडचे पुरुष भरतकामाचे पांढरे सदरे घालून बर्फाळ नदीत उतरतात. हातात हात धरून पाण्यातच संथ रिंगण धरतात, त्याला होरो म्हणतात. काठावर ढोल वाजतो, मग पाद्री लाकडी क्रॉस पाण्यात टाकतात. तो ज्याच्या हाती लागेल त्याच्या घराला वर्ष चांगलं जातं. क्रॉस सापडेपर्यंत होरो तुटता कामा नये. तो तास मामा वर थांबवलेल्या चाकाजवळ बसून काढायचा. विजेचे साहेब तेव्हा जवळच्या शहरात असत. मामा फोन करून एवढंच म्हणायचा, "आज पाणी देवाचं." देव न मानणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद असतानाही साहेब म्हणायचे, "बरं, मी काही ऐकलं नाही."

मग विजेचा खुला बाजार आला. वाईटच आला असं मी म्हणणार नाही. आई शाळेत होती तेव्हा वीज पाळीनं यायची, तीन तास असायची, तीन तास नसायची. ती मेणबत्तीवर भूमिती शिकली. आता तारा ग्रीसपर्यंत आणि रोमानियापलीकडे जोडल्यात, कुणाकडे कमी पडलं तर दुसरा पुरवतो. दरीतलं कोळशाचं वीजघर बंद झाल्यापासून वाळत घातलेल्या चादरी काळ्या होत नाहीत. दुपारी उन्हाची वीज इतकी येते की कधी कधी ती फुकटसुद्धा कुणाला नको असते. पण थंडीच्या सकाळी ऊन नसतं, वारा नसतो, आणि तेव्हा आमच्या धरणातलं पाणी सगळ्यांना हवं असतं.

वीजघर राजधानीतल्या, सोफियातल्या एका कंपनीनं घेतलं. चाक आता तिथूनच फिरायचं. कुठल्या तासाला किती वीज विकायची ते आदल्या दिवशीच ठरे, आणि तो हिशेब थेट यंत्रात जाई. मामाकडे उरलं ते पाणी आत घेणाऱ्या तोंडावरच्या जाळीत अडकलेला पाला आणि बर्फ काढणं. चाक दिवसातून इतक्यांदा सुरू-बंद होऊ लागलं की पाणी सुटण्याआधी वाजणाऱ्या भोंग्यानं गाव कावलं. तान्ही बाळं दचकून उठायची. शेवटी आम्हीच सह्या करून तो भोंगा बंद करवला. मीही सही केली होती.

त्या वर्षी मामानं डिसेंबरातच सोफियाला फोन केला. पलीकडे रालित्सा नावाची मुलगी होती. आवाज गोड, कामाची घाई असलेला.

"तुमचा तास रिकामा ठेवते, काका. सहा तारखेला दहा ते अकरा. कुणाला विकणार नाही."

"विकलं नाही म्हणजे येणार नाही?"

"जे विकलं नाही ते येत नाही," ती हसत म्हणाली. "वर बसायची पण गरज नाही. तुम्ही जा की सणाला."

पाच तारखेला संध्याकाळी त्यानं पुन्हा विचारून घेतलं. ठेवलाय, ती म्हणाली.

सहाला अशी थंडी होती की श्वास ओठांवर गोठत होता. मामानं पहाटे जाळी साफ केली, पाल्याचा ढीग वीजघराखालच्या, नदीकाठच्या पायरीवर टाकला, हात धुतले आणि इस्त्रीचा सदरा घालून नदीवर आला. बायका त्याच्याकडे पाहुणा आल्यासारखं बघत होत्या.

"अरे, नदी कुणाकडे ठेवून आलास?" ढोलवाला मिल्यो ओरडला.

"सोफियाकडे."

"मग पोहायला शिकलेलं बरं!" मिल्यो म्हणाला आणि लोक खदखदून हसले.

होरोचा म्होरक्या मामाचा मुलगा रांगेल होता. जाताना त्यानं बापाला विचारलं, "बाबा, नक्की ना?"

"दोनदा विचारलंय," मामा म्हणाला. मग त्याचा सदरा सारखा करून, "जा."

दहाच्या ठोक्याला चाळीसेक पुरुष पाण्यात उतरले. पाणी गुडघ्याला लागत होतं. त्यांच्या अंगातून वाफ निघत होती, ढोल संथ लयीत वाजत होता, आणि एकमेकांच्या बोटांत बोटं अडकवून ते प्रवाहाच्या उलट सरकत होते. पाद्री सावांनी क्रॉस टाकला. मी मामाच्या शेजारी उभी होते. तो रांगेलकडे बघत होता. मग त्याची नजर खाली गेली आणि खालीच राहिली.

पाण्यावरून काळी पानं वाहत येत होती. आधी दोन-तीन, मग झुबक्यांनी.

"काय झालं?" मी विचारलं.

"ही मी पायरीवर टाकलेली," तो म्हणाला. "पायरीवर पाणी चढल्याशिवाय ती हलत नाहीत."

तो ओरडला, "बाहेर या! रांगेल, बाहेर!" ढोलाच्या आवाजात मलाच ते धड ऐकू आलं नाही. रांगेलनं वर पाहिलं आणि हसून हात हलवला. त्याला वाटलं, बाप कौतुक करतोय. कुणीतरी म्हणालं, "नेदेल्चो, होरो तोडतोस की काय? क्रॉस सापडू दे." मामा मिल्योजवळ गेला आणि त्याचा हात धरला. मिल्योनं त्याला झटकलं. तेव्हा मामानं खिशातला चाकू काढला आणि ढोलाच्या कातड्यात आरपार खुपसला.

एकदम शांत झालं. त्या शांततेत सगळ्यांनी ते ऐकलं. वरच्या वळणाआडून, दगड एकमेकांवर घासल्यासारखा, जमिनीतून येणारा आवाज.

पुरुष बाहेर धावले. हात मात्र सोडले नाहीत, त्यामुळेच जे घसरले तेही काठाकडे ओढले गेले. शेवटचा माणूस काठावर गुडघ्यांवर पडला, आणि ते उभे होते तिथून करड्या पाण्याची भिंत गेली. बर्फाचे तुकडे, पाला आणि क्रॉस घेऊन गेली.

कुणी रडलं नाही. मिल्यो फाटलेल्या ढोलाकडे बघत म्हणाला, "माझ्या आजोबांचा होता." मग म्हणाला, "असू दे."

मामानं फोन लावला. पाणी कसं आलं, त्यानं विचारलं.

"तुमचा तास रिकामाच आहे, काका," रालित्सा गोंधळून म्हणाली. "माझ्यासमोर दिसतंय, दहा ते अकरा. अजून सुरू व्हायचाय."

"इथं दहा वाजून गेले, पोरी. चर्चचं घड्याळ माझ्यासमोर आहे."

पलीकडे कीबोर्डची खटखट झाली. मग ती हळू म्हणाली, "बाजाराचं घड्याळ मध्य युरोपचं असतं. आपल्यापेक्षा एक तास मागे, त्यांचे दहा म्हणजे आपले अकरा. मी नेहमी बदलून लिहिते. नेहमी लिहिते, काका, ह्या वेळी राहिलं. कुणी..."

"सगळे बाहेर आहेत," मामा म्हणाला. "चाक थांबव."

"विकलेलं आहे. वरच्यांना विचारावं लागेल. तुम्ही लाइनवर... पण अकरापासून खरंच काही नाही. बारापर्यंत नदी तुमची. मी शपथेवर सांगते."

पाणी अकरापर्यंत वाहत राहिलं. घरी कुणी गेलं नाही. ओल्या सदऱ्यांवर बायकांनी घोंगड्या टाकल्या, गरम वाइन फिरली, पण घोट घेताना दात ग्लासावर वाजत होते. अकरा वाजले आणि नदी उतरू लागली, तिनं सांगितलं होतं तशीच. एकेक दगड वर आला. पाणी गुडघ्याइतकं झालं, स्वच्छ, तळ दिसणारं.

पाद्री सावांकडे दुसरा क्रॉस होता. ते तो दोन्ही हातांत धरून मामाकडे बघत राहिले. सगळेच बघत होते.

"बाबा, आता रिकामं आहे म्हणतात," रांगेल म्हणाला. "जाऊ?"

मामानं नदीकडे पाहिलं, वरच्या वळणाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाला 'हो' म्हणता येत नव्हतं, आणि 'नाही' म्हणायलाही त्याच्या हातात काही नव्हतं.

रांगेलनं एक पाय पुढे टाकला. पाण्यापासून वीतभर अंतरावर तो पाय थांबला, आणि त्यानं तो मागे घेतला. त्याच्यामागचे चाळीस जण हातात हात धरून काठावरच उभे राहिले.

तासभर पाणी तसंच निवांत वाहत होतं. एकही पान वरून आलं नाही. बाराला चर्चची घंटा झाली, आणि थोड्याच वेळात वळणाआडून तो आवाज पुन्हा सुरू झाला.