शून्य टाकून बघा

पंख्याचं बटण बिघडलं तरी आमच्या बियाणे कंपनीत भुजंगलाच हाक मारायचे, आणि तो उठून जायचा. मला भारी राग यायचा. धावडा गावचा हा माणूस पुस्तकं वाचून पीएचपी ही प्रोग्रामची भाषा शिकला, बियाण्यांच्या उगवणीची नोंद ठेवणारा अख्खा प्रोग्राम त्यानं एकट्यानं लिहिला, आणि वर ‘हो साहेब, आलोच’ म्हणायचा. गरीब गाय नुसती.

बायको मात्र तिखट. बेबीनंदा तिचं नाव. प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसून ती कॉम्प्युटरात आकडे भरायची. २००३ साली प्रोग्राममध्ये थोडी मराठी घालायचं ठरलं, तेव्हा चुकांचे निरोप लिहायचं काम तिनं मागून घेतलं. म्हणजे आपण काही चुकीचं भरलं की पडद्यावर जी ओळ येते, ती. भुजंगनं लिहिलं असतं तर ‘कृपया योग्य माहिती भरा’ यापलीकडे काही सुचलं नसतं. बेबीनंदानं लिहिलं, ‘वाणाचं नाव कोण टाकणार, मी का?’ शंभर दाण्यांतून एकशेदहा उगवले असं भरलं की ‘जादू झाली का काय?’ उद्याची तारीख पडली की ‘बाई, इतकी घाई कशाला?’ मॅनेजर काकासाहेबांनी आधी नाक मुरडलं, मग तेच येता-जाता मुद्दाम चुका करून हसायला लागले.

त्याच वर्षी तिला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात सगळं संपलं. पंधरवड्यानं ती कामावर आली आणि एक शेवटचा निरोप लिहून स्वतःच कॉम्प्युटरात भरला. एकही दाणा उगवला नाही असं कुणी भरलं, तर यायचा तो. पण तसा बियाण्याचा लॉट आम्ही नोंदवतच नव्हतो, परस्पर फेकून द्यायचो. मी विचारलं, काय लिहिलंस गं? म्हणाली, “तुमच्यासाठी न्हाई ते, अक्का.” भुजंगला मात्र माझ्यासमोर म्हणाली, “अहो, एकदा शून्य टाकून बघा ना.”

“शून्य कोण टाकतंय? काम करून राह्यलो ना, मंग बघतो,” तो म्हणाला, मान वर न करता.

ते बघणं राहूनच गेलं. २००६ मध्ये काविळीनं ती गेली. मस्तगड भागातल्या भाड्याच्या खोलीत भुजंग एकटा राहिला. आणि आम्ही सगळे आकडे जपून भरायला लागलो. चूक झाली की ती बोलायची, आणि ते ऐकवत नव्हतं.

२००८ मध्ये नवा सर्व्हर आला. जुनी पीएचपी बंद पडत चालली होती, माहिती साठवायचा डेटाबेसही नवा घ्यायचा होता. जुनी पीएचपी मोठी भोळी; बाहेरून आलेला आकडा काही न विचारता घरात घ्यायची. नवी प्रत्येकाला ‘तू कुठून आलास’ म्हणून विचारते. भुजंगनं एकेक पान उघडून दुरुस्त केलं, मग जुनी माहिती नव्या डेटाबेसात नेली. आम्ही तपासली. लॉट नंबर बरोबर, टक्केवारी बरोबर. सगळ्या नोंदी आकड्यांत आणि इंग्रजी अक्षरांत होत्या. मराठी होती ती त्याच डेटाबेसातल्या बेबीनंदाच्या निरोपांची. आणि ती दिसायची तर चुकावं लागतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तपासताना कुणी चुकलं नाही. जुन्या मशीनची डिस्क पुसून ते हिशेब विभागाला दिलं.

पुढं कधीतरी नव्यानं लागलेल्या एका मुलीनं वाणाचं नाव रिकामं सोडलं. पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हांची रांग आली.

भुजंगनं येऊन बघितलं, आणि काय झालं ते त्याला कळलं. जुना डेटाबेस अक्षरं कुठल्या लिपीची ते न विचारता ठेवायचा. नव्याला लिपी सांगावी लागते, आणि चुकीची सांगितली तर न ओळखलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी तो प्रश्नचिन्ह टाकतो. भुजंगनं चुकीची सांगितली होती. सीडीवर प्रती होत्या, पण त्या लॉटच्या नोंदींच्या. निरोपांची प्रत काढावी असं कुणाला वाटलंच नव्हतं. तो माणूस सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. मलाही रडू आलं, आणि त्याचा भयंकर राग आला.

मग आम्ही आठवून सांगायचो आणि तो पुन्हा लिहायचा. स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा शाबूत होत्या, त्यामुळे वाक्याचा आकार कळायचा. तिची स्वतःची प्रश्नचिन्हंही शाबूत होती, पण त्या रांगेत ती ओळखू येत नव्हती. कॉम्प्युटर काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजतो. ‘नाव’ म्हणजे तीन चिन्हं. “अक्का, एक शब्द कमी पडतोय,” म्हणत तो परत यायचा, आणि मला एखादा ‘गं’ नाहीतर ‘बाई’ आठवायचा. असे सगळे निरोप जागेवर आले. शून्याचा तेवढा राहिला. तो कुणी पाहिलाच नव्हता.

??? ????, ?????? ?????

काकासाहेब म्हणाले, काहीतरी भरून टाक. भुजंग आयुष्यात पहिल्यांदा साहेबाला नाही म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत तो शून्य टाकायचा आणि त्या ओळीकडे बघत बसायचा. डबा तसाच राहायचा.

माझ्याच्यानं बघवेना. मीही अक्षरं जुळवायला लागले, आणि एक दिवस जुळली. त्याला कागदावर लिहून दाखवलं: ‘असू द्या, पुन्हा पेरीन’. म्हटलं, “मोजून बघ भाऊ, बराबर बसतंय. तुला धीर देऊन गेली बघ ती.”

त्यानं बोट ठेवून मोजलं. शेवटचा शब्द पुन्हा मोजला.

“‘पेरू’बी बसतंय, अक्का. शेवटचं प्रश्नचिन्ह तिनंच टाकलेलं धरलं तर. ‘पुन्हा पेरू?’” कागद त्यानं घडी करून खिशात ठेवला. “सांगितलं असंल तर ठीक आहे. इचारलं असंल, तर जवाब माझाच राह्यला ना.”