टायरच्या खाचेतली खडी

आमची भाकरी वडिलांच्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपवर होती. खडवली स्टेशनावरून आतल्या गावांची माणसं न्यायची. एका पावसाळ्यात ती दोनदा चिखलात रुतली आणि माणसं दुसऱ्या गाडीत बसायला लागली. असंच चाललं असतं तर माझं कॉलेज सुटलं असतं.

आम्ही माजिवड्याच्या एका टायरवाल्याकडे गेलो. मी तोऱ्यात म्हणालो, "मोठ्या दातांचे मड टायर द्या."

तो उकिडवा बसून पेचकसने जुन्या टायरच्या खाचा उकरू लागला. निघालेलं तळहातावर घेऊन त्याने वडिलांना दाखवलं. बहुतेक डांबरी रस्त्याची खडी, चिखल चिमूटभर.

"काका, अडकलात तेवढं लक्षात राहिलं. रोज कुठं चालता ते हा टायर सांगतोय. मड टायर डांबरावर लवकर झिजतील. ऑल टेरेन घ्या, दोन्हीकडे चालतात."

"आणि परत रुतली तर?" मी विचारलं.

"तर उतरून ढकल रे, कॉलेजवाल्या."

वडील हसले आणि त्यांनी ऑल टेरेन घेतले. पुढे एकदा रुतली, तेव्हा मी ढकलली. माणसं परत आमच्या जीपमध्ये बसू लागली. शिकत मी होतो, पण बघायचं त्या टायरवाल्याला येत होतं. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी बी.कॉम. झालो. आमच्या घरातला पहिला.