फाउस्तीनोचा फोटोंचा नाद

माझा धाकटा भाऊ फाउस्तीनो याला फोटोंचा भारी नाद, असं आमचं सगळं कोल्चानी गाव म्हणायचं. पर्यटकांना जीपमधून मिठाच्या वाळवंटात फिरवणं हा त्याचा धंदा. दुपारचा स्वयंपाक माझ्याकडे, म्हणून मी मागे भांडी सांभाळत बसायची. वाटेत तो मध्येच गाडी थांबवायचा. "नाकासमोरचा एक फोटो काढा बरं. बघू." मग फोन डोळ्यांपाशी धरून, बोटांनी मोठा करून न्याहाळत बसायचा. म्हातारा रसिक आहे, असं लोक एकमेकांना सांगायचे.

रसिक कसला! आंधळा होत चालला होता. सगळी हयात त्या पांढऱ्या उन्हात गेली, डोळ्यांवर पडदा आला. लांबचा तुनुपा डोंगर त्याला फक्त फोनमध्ये सापडायचा. डोंगर उत्तरेला. परतताना तो डाव्या हाताला राहिला की गाव येतं.

"ऑपरेशन करून घे," मी कानीकपाळी ओरडायची.

"करतो की, ताई. एवढा मोसम जाऊ दे."

असे किती मोसम गेले. आंधळ्या ड्रायव्हरच्या गाडीत कोण बसणार, ही त्याची भीती. आणि मीही बाहेर कुणाला कळू दिलं नाही, कारण चूल माझीही त्याच गाडीवर पेटायची.

फेब्रुवारीत मिठावर घोट्यापर्यंत पाणी साचतं आणि आभाळ जसंच्या तसं खाली दिसतं. त्याच्याच फोटोसाठी लोक जीव टाकतात. त्या दिवशी अर्जेंटिनाचं एक जोडपं होतं, लुदमिला आणि ब्रूनो. परतताना ढग उतरले. वर पांढरं, खाली पांढरं, डोंगर कुणालाच दिसेना. फाउस्तीनोने गाडी थांबवली.

"पोरी, समोरचा एक फोटो काढ. कॅमेऱ्याला दिसतं."

लुदमिलाने काढला. तो नुसता पांढरा आला. म्हाताऱ्याचा हिरमोड नको म्हणून बिचारीने त्याच्या हातात सकाळचा सुंदर फोटो दिला. त्यात तुनुपा बरोबर समोर होता.

"अरेच्चा, आपण उत्तरेला चाललोय!" फाउस्तीनो म्हणाला आणि त्याने गाडी उजवीकडे वळवली. मी मागे सूप सांडू नये म्हणून पातेलं धरून बसले होते.

थोड्या वेळाने दक्षिणेच्या चिखलात मिठाचा थर फुटला आणि जीप दारापर्यंत रुतली. फोनला रेंज नव्हती. फाउस्तीनोने अंगावर लोकरीचा पोंचो चढवला.

"मी माणसं घेऊन येतो. गाडी सोडून कुणी हलायचं नाही."

"मी येतो सोबत," ब्रूनो म्हणाला.

"तुम्ही पाहुणे. बसा."

मग माझ्याच्याने राहवलं नाही. "अरे, अडवा त्याला! त्याला दिसत नाही! फोटो बघून गाडी चालवतो तो!"

लुदमिलाचा चेहरा पडला. "पण मी तर तुम्हाला सकाळचा..."

फाउस्तीनोने पोंचो सारखा केला. "फोटो छान होता, पोरी," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "ताई, त्यांना सूप दे. गार होईल." मी पोंचो धरला, त्याने तो सोडवून घेतला आणि निघाला. स्वतःच्या गाडीतल्या माणसांना वाचवायला ड्रायव्हरनेच जायचं असतं, आमच्यात दुसरं कुणी जात नाही.

सकाळी दुसऱ्या जीपवाल्यांनी आम्हाला गाठलं. रात्रभर वारा आणि पाऊस होता.

"फाउस्तीनो कुठल्या बाजूला गेले?" त्यांनी विचारलं. आम्हा तिघांनाही सांगता येईना. तेव्हा लुदमिलाने रडत फोन पुढे केला. तो निघाल्यावर तिने पाठमोरा फोटो काढला होता. पाण्यावर लहानसा फाउस्तीनो, त्याच्या पायाखाली तसाच दुसरा.

मी फोन त्याच्यासारखा डोळ्यांपाशी धरला, बोटांनी मोठा केला. कडेला ढग किंचित फाटले होते आणि तुनुपाचा पायथा दिसत होता. उजव्या हाताला.

गाव पूर्वेला. माझा भाऊ पश्चिमेला चालला होता, जिथे मीठ सोडून काहीच नाही.

"तिकडे," मी म्हटलं. तिकडेच सापडला, गुडघे पोटाशी घेऊन पाण्यात बसलेला. हाक मारली तर त्याने मान वर केली नाही.