ताराक्कांचा म्हैसूरपाक

काही ऑफिसांत फायली साठतात, आमच्यात किस्से! फायली निदान कपाटात तरी राहतात. किस्से माझ्याबरोबर घरी येतात, जेवताना समोर बसतात. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. नववीत शाळा सुटली तेव्हापासून तर जास्तच. पण मित्रांनी ऑफिसचं विचारलं की मी सुरू होतो आणि मग थांबता येत नाही.

आमचं ऑफिस म्हणजे इकडे कानडी मुलखात, यशवंतपूरच्या बाजारात, कांद्याच्या वखारीवरच्या दोन खोल्या. सुमती अक्का वकील, मी बाकी सगळं. कॅन्सरचं निदान चुकलेली माणसं आमच्याकडे येतात. कुणाला नसताना सांगितलेला, कुणाला असताना न सांगितलेला. आधी ती डॉक्टरला घाबरलेली असतात, मग जिना चढून येऊन वकिलाला घाबरतात!

एक रिवाज मात्र गोड आहे. कुणाचा रिपोर्ट चांगला आला की अक्का माझ्याकडे बघतात, मी हेल्मेट घालतो आणि कोपऱ्यावरून म्हैसूरपाक आणतो. फार वेळा जावं लागत नाही.

*

सर्जापूर रोडवरून एक पुण्याचे साहेब आले होते. आयटीवाले. पोटदुखीला वर्षभर 'ॲसिडिटी' म्हणून गोळ्या दिल्या, निघालं भलतंच. त्यांनी लॅपटॉपवर सगळी टाइमलाइन करून आणलेली, रंगीत! अक्कांनी शांतपणे बघितली.

"ट्रीटमेंट चालू आहे ना? आधी ती. केस मागून."

"हो मॅडम, चालू आहे. केसला किती वेळ लागेल?"

अक्का कुणालाच खरा आकडा सांगत नाहीत. म्हणाल्या, "लागेल स्वल्प."

"स्वल्प म्हणजे थोडा ना?"

"हं."

"मग ठीक आहे," साहेब लॅपटॉप मिटत म्हणाले. "डॉक्टरांनी मलाही तेवढाच सांगितलाय!"

ते स्वतःच हसले. आम्ही दोघं टेबलाकडे बघत बसलो.

*

ताराक्का आल्या त्या नवऱ्याबरोबर, अण्णांबरोबर. आमच्यासारखीच इथली जुनी मराठी माणसं. बसल्या त्या डाव्या खांद्यावरून पदर घट्ट ओढूनच. बोलत होते ते अण्णाच.

"गाठ होती. कॅन्सर म्हणाले. छाती काढली. ऑपरेशन सक्सेस, सगळा कॅन्सर गेला म्हणाले! मी इतका खूश झालो की अख्ख्या वॉर्डात म्हैसूरपाक वाटला. डॉक्टरांना स्पेशल डबा!"

"तुपातला," ताराक्का हळूच म्हणाल्या.

पुढे तपासणीला दुसऱ्या दवाखान्यात गेल्या, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जुने कागद पुन्हा पुन्हा वाचले. म्हणाल्या, 'तो तुकडा परत एकदा तपासून घ्या.' बस्स, एवढंच. तेव्हापासून दोघांची झोप गेलेली.

*

तपासणीसाठी काढलेला मांसाचा तुकडा मेणाच्या वडीत बसवून दवाखाने जपून ठेवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. तो रीतसर मागून दुसऱ्या लॅबमध्ये पोचवणं हे माझं काम.

ताराक्कांचा ब्लॉक आणला त्या दिवशी ऊन असं, की डांबर चिकटत होतं. मला एकच भीती, मेण वितळलं तर? दुसरा तुकडा कुठून आणणार? पाकीट रुमालात गुंडाळलं, स्टीलच्या डब्यात ठेवलं, डबा पोटाशी बांधला आणि गाडी हाकली. सिग्नलला पोलिसानं अडवलं.

"डब्यात काय?"

मला खोटं सुचत नाही. "एका बाईंचा तुकडा आहे, सर."

पोलीस दोन पावलं मागे सरला. शिट्टी वाजवून त्यानं अख्खं ट्रॅफिक थांबवलं आणि मला एकट्याला जाऊ दिलं!

*

मग वाट बघणं. एका दुपारी ताराक्का एकट्याच आल्या. एव्हाना त्या मला धाकटा भाऊ समजून 'तम्मा' म्हणायला लागल्या होत्या.

"अक्का, देवाला मागू तरी काय मी? कॅन्सर होता म्हणाले, तर डॉक्टर बरोबर, केस गेली, आणि तो परत येईल म्हणून जन्मभर भ्यायचं. नव्हता म्हणाले, तर..."

पुढचं त्यांनी पदराशी चाळा करत गिळलं.

"अण्णा काय मागतात?" अक्कांनी विचारलं.

"ते नुसतं 'चांगलं कर' म्हणतात. चांगलं कुठलं, ते त्यानंच ठरवायचं म्हणे!"

अक्कांनी चष्मा काढून पुसला.

"मला विचारू नका ताराक्का. मी वकील आहे. मला जिंकायचं असतं."

*

लॅबच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा दोघं आमच्याकडेच बसली होती. अक्कांनी स्पीकर लावला. खाली वखारीत पोती आपटत होती, म्हणून मी धावत जाऊन खिडकी लावली.

"मॅडम, मी स्वतः बघितलं, दोन सहकाऱ्यांनाही दाखवलं. साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. तेव्हाही नव्हता."

फोन ठेवला. अण्णांनी आधी हात जोडले, मग जोडलेले हात तसेच मांडीवर ठेवले. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. रिपोर्ट चांगला आला की बघतात, तसंच. मी सवयीनं हेल्मेट उचललं.

"कुठे निघालास तम्मा?" ताराक्कांनी विचारलं.

"म्हैसूरपाक आणायला..."

त्यांनी पदर सारखा केला.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "त्याचा म्हैसूरपाक वाटून झालाय."